ई-इंक रीडरवरचे चित्र पुन्हा पुन्हा बिघडते तेव्हा : दोष फाइलीत, स्मृतीत की काचेवर?

जुना ई-इंक रीडर (किंडल किंवा कोबोसारखे ई-पुस्तक वाचण्याचे यंत्र) भिंतीवर टांगायचा, संगणकावर रोज रात्री एक चित्र तयार करायचे, ते वायफायवरून रीडरकडे पाठवायचे आणि एका ओळीच्या कमांडने पडद्यावर उमटवायचे, ही कल्पना ऐकताना फार सोपी वाटते. माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी असा ७५८ बाय १०२४ पिक्सेलचा एक रीडर गेली काही वर्षे आहे आणि त्यावर तारीख, पाणी येण्याची वेळ, दुधाचा हिशेब आणि दुसऱ्या दिवशी विसरू नये अशी एखादी गोष्ट लिहिलेली असते. पहिल्या वर्षी मात्र दर आठ-दहा दिवसांनी सकाळी पडद्यावर काहीतरी भलतेच दिसे. मी चित्राची फाइल नव्याने करी, ते नीट दिसे, आणि पुढच्या आठवड्यात तोच बिघाड परत येई. बऱ्याच उशिरा लक्षात आले की तो ‘तोच’ बिघाड नव्हताच. चार-पाच वेगवेगळे दोष एकाच तोंडवळ्याने येत होते आणि मी प्रत्येक वेळी दोष फक्त फाइलीच्या माथी मारत होतो.

हा लेख ज्यांच्या रीडरवर रूट (सर्वोच्च) अधिकारांसह शेल, म्हणजे कमांड टंकण्याची सोय, मिळालेला आहे आणि जे संगणकावरून एसएसएचने रीडरच्या आत शिरू शकतात, त्यांच्यासाठी आहे. तिथपर्यंत पोहोचण्याचा मार्ग प्रत्येक मॉडेलात वेगळा असल्याने त्यात येथे शिरत नाही. किंडलमध्ये पडद्यावर चित्र किंवा मजकूर उमटवणारे ‘ईआयपीएस’ नावाचे छोटे साधन मुळातच असते आणि कोबोमध्ये ‘पिकेल’ असते. या दोहोंवर आणि इतर काही लिनक्स-आधारित रीडरांवरही चालणारे, मुक्त परवान्याचे, सर्वांत कामाचे साधन म्हणजे ‘एफबीइंक’. कमांड आणि त्यांचे पर्याय येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टंकताना ते रोमन लिपीत आणि, वेगळे सांगितले नसेल तर, लहान अक्षरांत लिहावेत.

आधी हे ठरवावे की चूक कुठे आहे

साध्या संगणकाच्या पडद्यावर जे स्मृतीत असते तेच दिसते, कारण पडदा सेकंदाला साठ वेळा ती स्मृती वाचत असतो. ई-इंकचे तसे नसते. येथे फ्रेमबफर नावाची स्मृती वेगळी आणि काच वेगळी. फ्रेमबफरमध्ये कितीही अक्षरे लिहिली तरी काचेवरचा एकही कण हलत नाही. ‘या चौकोनातला भाग आता काचेवर उतरव’ असा स्वतंत्र आदेश पडदा-नियंत्रकाला गेल्यानंतरच काळे-पांढरे कण जागा बदलतात. उलट, एकदा उतरलेले चित्र वीज नसतानाही काचेवर तसेच राहते. त्यामुळे फाइल, फ्रेमबफर आणि काच या तीन ठिकाणी एकाच वेळी तीन वेगळी चित्रे असू शकतात, आणि डोळ्यांना दिसते ते फक्त तिसरे.

म्हणून बिघाड दिसल्यावर पहिले काम फाइल बदलण्याचे नसून फ्रेमबफरमध्ये काय आहे ते पाहण्याचे आहे. रीडरवर ‘कॅट’ या कमांडने ‘डेव्ह’ फोल्डरातील ‘एफबी०’ ही फाइल एखाद्या साध्या फाइलीत उतरवून घ्यावी आणि ती संगणकावर आणावी. नुसती उतरवलेली ही फाइल म्हणजे शीर्षक नसलेले कच्चे बाइट असतात, त्यामुळे ती उघडण्यापूर्वी एका ओळीत किती बाइट आहेत हे कळले पाहिजे. किंडलवर ‘ईआयपीएस डॅश आय’ ही कमांड ते सांगते. एफबीइंक ‘डॅश व्ही’ या पर्यायासह चालवले तर तेही ओळीची लांबी आणि प्रत्येक पिक्सेलला किती बिट आहेत ते छापते. माझ्या रीडरवर दिसणारी रुंदी ७५८ पिक्सेल असली तरी स्मृतीतली ओळ ७६८ बाइटांची आहे. ७६८ गुणिले १०२४ म्हणजे ७,८६,४३२ बाइट. उतरवलेली फाइल याहून मोठी निघते, कारण स्मृतीचा राखीव भाग पडद्यापेक्षा जास्त असतो. ‘हेड डॅश सी’ वापरून सुरुवातीचे एवढेच बाइट घ्यावेत आणि इमेजमॅजिक या संगणकावरच्या चित्रसाधनाला ‘आकार ७६८ बाय १०२४, खोली ८ बिट, प्रकार ग्रे’ असे सांगून त्यांचा पीएनजी करून घ्यावा. हे गणित २०११ च्या चौथ्या पिढीपासूनच्या, आठ बिटांच्या किंडलांना लागू पडते. २०१० च्या कीबोर्डवाल्या किंडलमध्ये पडद्याचा ड्रायव्हरच वेगळा असून तेथे एका पिक्सेलला चार बिट असतात.

आता ते चित्र आणि काच शेजारी ठेवून पाहावे. फ्रेमबफर बरोबर आणि काच चुकीची असेल तर दोष रिफ्रेशमध्ये, म्हणजे चित्र काचेवर उतरवण्यात, आहे आणि चित्राची फाइल हजार वेळा नव्याने केली तरी काही फरक पडणार नाही. दोन्ही सारखेच चुकले असतील तर दोष फाइलीत किंवा ती लिहिण्याच्या पद्धतीत आहे. आणि फ्रेमबफरमध्ये आपल्या चित्राऐवजी रीडरचे मुख्यपृष्ठ, घड्याळ किंवा झोपेचे चित्र असेल तर आपल्या मागून दुसरे कोणीतरी तेथे रंगकाम करून गेले आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. ती मी पहिल्या महिन्यातच केली असती तर वर्षभराची रात्रपाळी वाचली असती.

दोन्ही चुकले असतील तर

चित्र तिरके होऊन पायऱ्यापायऱ्यांनी डावीकडे घसरत गेलेले दिसत असेल तर कारण जवळजवळ नक्कीच ओळीची लांबी हे आहे. अनेक रीडरांत वापरलेल्या आय-डॉट-एमएक्स या चिपचा नियंत्रक ओळीची लांबी ३२ पिक्सेलांच्या पटीत ठेवतो. म्हणून ६०० ची ओळ ६०८ होते, ७५८ ची ७६८ आणि १०७२ ची १०८८. कोणी ७५८ रुंदीचे कच्चे बाइट सरळ ‘एफबी०’ मध्ये ओतले तर पहिली ओळ जागेवर पडते, दुसरी दहा पिक्सेल आधीच सुरू होते, तिसरी वीस, आणि साधारण सत्त्याहत्तर ओळींनंतर चित्र संपूर्ण एक फेरी मारून पुन्हा मूळ जागी येते. उपाय दोन आहेत: चित्राच्या उजव्या कडेला दहा पिक्सेल पांढरी पट्टी जोडून ते ७६८ रुंद करणे, किंवा कच्चे बाइट ओतण्याचा हट्टच सोडून चित्र एफबीइंककडे सोपवणे. मी दुसरा मार्ग सुचवतो. पहिला मार्ग रीडर बदलला की मोडतो आणि तो का मोडला हे तोवर आपण विसरलेलो असतो.

पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात एकाच चित्राच्या दोन दबलेल्या, अरुंद प्रती शेजारी शेजारी दिसत असतील तर गोंधळ बिटांचा आहे. कोबोचे मूळ सॉफ्टवेअर जुन्या आवृत्त्यांत एका पिक्सेलला १६ बिट आणि नंतरच्या आवृत्त्यांत ३२ बिट वापरते. आपण मात्र ८ बिटांचे बाइट पाठवले तर १६ बिटांच्या एका ओळीत आपल्या दोन ओळी मावतात. सम ओळी डाव्या अर्ध्यात जातात, विषम उजव्या अर्ध्यात. ३२ बिट असतील तर प्रती चार होतात आणि वरच्या पाव भागात गर्दी करतात. कोबोच्या पिकेलला ‘शोपिक’ या उपकमांडने कच्चे चित्र देणाऱ्यांना हे वारंवार अनुभवाला येते, कारण ते साधन पीएनजी मागत नाही, लाल-हिरव्या-निळ्याच्या ५-६-५ बिटांच्या मांडणीतले कच्चे बाइट मागते. एफबीइंकसोबत मिळणाऱ्या ‘एफबीडेप्थ’ या साधनाने ‘डॅश डी ८’ असे सांगून फ्रेमबफर आठ बिटांवर आणता येतो, परंतु मूळ सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करण्यापूर्वी जुनी संख्या परत ठेवणे विसरू नये, नाहीतर पुढचा गोंधळ त्याच्या पडद्यावर दिसेल. कोबोच्या अनेक पॅनेलांची मूळ मांडणी आडवी असल्याने चित्र नव्वद अंशांनी फिरलेले दिसण्याचीही शक्यता असते. तेही याच साधनाच्या ‘डॅश आर’ पर्यायाने सरळ होते.

आता ज्या दोषाने मला सर्वांत जास्त छळले, त्याकडे वळतो. ईआयपीएसला ‘डॅश जी’ या पर्यायाने चित्र दाखवायचे असेल तर ते आठ बिटांच्या करड्या छटांचे, पारदर्शकतेचा थर नसलेले पीएनजी असावे लागते. माझी स्क्रिप्ट तशी फाइल करत होती, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात इमेजमॅजिक पीएनजी लिहिताना चित्र पाहून सर्वांत लहान बसणारा प्रकार स्वतःच निवडतो. चित्रात करड्या छटा असतील तर तो आठ बिट वापरतो. एखाद्या दिवशी चित्रात फक्त काळे आणि पांढरेच असेल तर एकच बिट वापरतो. ज्या दिवशी माझ्या सूचनेत हवामानाचे छोटे चित्र असे, त्या दिवशी सारे सुरळीत. ज्या दिवशी नुसत्या कडक काळ्या रेघा आणि ठळक आकडे असत, त्या दिवशी पडदा विस्कटलेला. आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या त्या गूढ बिघाडाचा एक मोठा वाटा हाच होता, आणि तो माझ्याच स्क्रिप्टमध्ये होता.

यावरचा उपाय म्हणजे निवड इमेजमॅजिकवर न सोडणे. ‘डॅश डिफाइन’ हा पर्याय दोनदा देऊन ‘पीएनजी : कलर-टाइप = ०’ आणि ‘पीएनजी : बिट-डेप्थ = ८’ असे बजावून सांगावे. त्याआधी ‘बॅकग्राउंड व्हाइट’ आणि ‘अल्फा रिमूव्ह’ देऊन पारदर्शकता काढून टाकावी, कारण पारदर्शक भागाखाली बहुधा काळा रंग दडलेला असतो आणि अल्फा थर नुसता उडवला तर काळ्यावर काळी अक्षरे उरतात. शेवटी ‘फाइल’ ही साधी कमांड चालवून उत्तरात ‘८-बिट ग्रेस्केल, नॉन-इंटरलेस्ड’ असे शब्द आहेत का ते स्क्रिप्टकडूनच तपासून घ्यावे आणि नसतील तर चित्र पाठवूच नये. ‘१-बिट’, ‘कलरमॅप’ किंवा ‘ग्रे+अल्फा’ असे काही दिसले तर थांबावे. एफबीइंक याबाबतीत पुष्कळ उदार आहे आणि बहुतेक प्रकारचे पीएनजी व जेपीईजी स्वतः उलगडून दाखवतो, तरीही फाइल एकाच ठरावीक प्रकारची ठेवण्याचा लाभ असा की पुढे बिघाड झालाच तर एक संशयित आधीच वगळलेला असतो.

छायाचित्र दाखवायचे असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. काच फक्त १६ करड्या छटा दाखवू शकते, म्हणजे ० ते २५५ या पट्टीवर १७ च्या पाढ्यातल्या किमती. आकाशासारखा हळूहळू उजळत जाणारा भाग त्यामुळे पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. ‘डिदर’ (ठिपक्यांच्या मिश्रणातून मधल्या छटांचा भास करणे) आणि ‘रिमॅप’ हे इमेजमॅजिकचे पर्याय वापरून चित्र त्याच सोळा छटांच्या रंगफलकावर आधीच आणावे. मजकुरावर मात्र डिदरिंग करू नये. अक्षरांच्या कडांवर मिरी भुरभुरल्यासारखे ठिपके येतात आणि लहान अक्षरे वाचवत नाहीत.

मराठी मजकूर का तुटतो

इंग्रजीत सूचना लिहिणाऱ्याचे काम ईआयपीएसला स्तंभ, ओळ आणि मजकूर दिला की संपते. ६०० बाय ८०० च्या किंडलवर त्याची ५० स्तंभ आणि ४० ओळींची चौकट असते आणि साधी इंग्रजी (आस्की) अक्षरे तीत चपखल बसतात. देवनागरी त्याला मुळीच येत नाही. एफबीइंकच्या अंगभूत ठिपक्यांच्या अक्षरसंचातही आपल्या उपयोगाचे काही नाही, म्हणून आपण ‘डॅश टी’ हा पर्याय वापरून एखादा देवनागरी ट्रूटाइप फॉन्ट देतो, आणि तेथे खरी फसगत सुरू होते, कारण अक्षरे दिसू लागतात.

मी पहिल्यांदा चाचणीला ‘पाणी सात वाजता’ असे लिहिले. अगदी सुबक उमटले. आनंदाने स्क्रिप्ट कायमची लावून टाकली. चौथ्या दिवशी ‘दुधाच्या पिशव्या’ असे लिहायची वेळ आली तेव्हा ‘च’चा पाय मोडलेला, ‘या’ वेगळा उभा, आणि ‘पि’ची वेलांटी ‘प’च्या आधी येण्याऐवजी नंतर येऊन ‘श’ला चिकटलेली, असा प्रकार दिसला. फॉन्ट खराब आहे असे समजून मी तीन फॉन्ट बदलले. फॉन्टांचा काहीच दोष नव्हता. एफबीइंक ज्या लहानशा लायब्ररीने अक्षरे रेखतो, ती प्रत्येक युनिकोड चिन्हासाठी एक आकृती उचलते आणि क्रमाने मांडते. रोमन लिपीला एवढे पुरते. देवनागरीत मात्र पहिली वेलांटी लिहिली जाते नंतर आणि दिसते आधी. रफार लिहिला जातो आधी आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. जोडाक्षरात दोन-तीन चिन्हांची मिळून एकच आकृती होते. हे सारे ठरवणारे नियम फॉन्टमध्ये असतात, पण ते वाचून अमलात आणणारे शेपिंग इंजिन हवे, आणि ते तेथे नाही. ‘पाणी सात वाजता’ यात एकच वेलांटी, तीही दुसरी असल्यामुळे, आणि जोडाक्षर नसल्यामुळे, इंजिनाची गरजच पडली नव्हती.

म्हणून चाचणीचे वाक्य निवडतानाच ते अवघड निवडावे. मी आता ‘वर्षभर किल्ल्या दुसऱ्या माणसाकडे’ हे वापरतो. त्यात रफार आहे, पहिली वेलांटी आहे, तिहेरी जोडाक्षर आहे आणि ‘ऱ्या’ आहे. हे चारही नीट दिसले तर बाकीच्याची चिंता नको.

रीडरवर शेपिंग इंजिन बसवण्याचा प्रयत्न करणे शक्य आहे, पण मला तो उपद्व्याप वाटतो. मजकूर संगणकावरच चित्रात रूपांतरित करून पाठवणे हाच सरळ मार्ग. त्यासाठी ‘पँगो-व्ह्यू’ ही कमांड उत्तम आहे, कारण पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी आपल्या पोटात हार्फबझ हे शेपिंग इंजिन वापरते. ‘डॅश क्यू’ दिले की ती खिडकी उघडत नाही आणि ‘डॅश ओ’ नंतर दिलेल्या नावाने पीएनजी लिहिते. फॉन्ट, रुंदी आणि समास हेही पर्यायांनी सांगता येतात. रुंदीबाबत एक खाच आहे: ती पिक्सेलांत नसून पॉइंटांत (इंचाच्या बहात्तराव्या भागांत) असते आणि पँगो-व्ह्यू मुळात ९६ डीपीआय, म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल, धरून चालते, त्यामुळे ७५८ लिहिले तर चित्र पडद्यापेक्षा एक तृतीयांशाने रुंद निघते. डीपीआय ७२ दिले की एक पॉइंट म्हणजे एक पिक्सेल होतो आणि हिशेब डोक्यात करता येतो. मग अक्षरांचा आकारही पिक्सेलांतच सांगावा लागेल. इंचाला २१२ पिक्सेल असलेल्या माझ्या पडद्यावर छापील १२ पॉइंटांइतके अक्षर हवे असेल तर साधारण ३५ लिहावे लागते. भिंतीवरून वाचायचे असेल तर याच्या दुप्पट ठेवावे, आणि वजन साधारण ठळक निवडावे, कारण बारीक रेघा करड्या होऊन लांबून विरघळल्यासारख्या दिसतात.

येथेही एक लपलेला बिघाड आहे. हाताने चालवल्यावर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येत, आणि क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सेवेने, पहाटे चालवल्यावर तेच हिंदी वळणाचे येत. दोन्हीकडे स्क्रिप्ट एकच, फॉन्ट एकच. फरक असा की भाषा सांगितली नसेल तर पँगो ती चालू लोकेलवरून (भाषा-प्रदेशाच्या मांडणीवरून) ठरवतो. माझ्या टर्मिनलमध्ये लोकेल मराठी होते. क्रॉन आपल्या कामांना असे काहीही देत नाही. ज्या फॉन्टात मराठीसाठी वेगळी रूपे दिलेली आहेत, त्यात ही रूपे भाषा कळल्याशिवाय निवडली जात नाहीत. कमांडमध्ये ‘लँग्वेज = एमआर’ असे स्पष्ट लिहिले की प्रश्न मिटतो. वाचणाऱ्याला शब्द दोन्ही वळणांत कळतात हे खरे, पण रोज सकाळी डोळ्यांसमोर येणारा ‘ल’ आपल्या वळणाचा असावा एवढा हट्ट मला माफ असावा. याच प्रसंगी ‘एफसी-मॅच’ ही कमांड चालवून मागितलेला फॉन्ट खरोखर मिळतो आहे का तेही पाहावे. नाव चुकले असेल तर तक्रार न करता दुसराच फॉन्ट दिला जातो.

पँगो-व्ह्यूने दिलेले चित्र रंगीत प्रकारचे असते. म्हणून ते इमेजमॅजिकमधून एकदा पार करून, पांढऱ्या पार्श्वभूमीवर ‘एक्स्टेंट ७५८ बाय १०२४’ देऊन, वर सांगितल्याप्रमाणे आठ बिटांवर आणावे.

फ्रेमबफर बरोबर, काच चुकीची

उतरवून घेतलेले चित्र निर्दोष आहे पण काचेवर जुन्या मजकुराची सावली आहे, किंवा छायाचित्राच्या जागी काळ्या-पांढऱ्या डागांचा नकाशा आहे, असे असेल तर वेव्हफॉर्म तपासावा. कणांना कोणत्या क्रमाने किती वेळ विजेचे धक्के द्यायचे याचा तक्ता म्हणजे वेव्हफॉर्म. ई इंक कंपनीच्या ८५ हर्ट्झच्या आकडेवारीनुसार अशा तक्त्यांपैकी जीसी१६ ला सुमारे ४५० मिलिसेकंद लागतात आणि तो सोळाही छटा देतो. डीयू सुमारे २६० मिलिसेकंदांत कोणत्याही छटेवरून काळ्यावर किंवा पांढऱ्यावर नेतो. ए२ सुमारे १२० मिलिसेकंदांत काळ्या-पांढऱ्याचे काळे-पांढरे करतो, आणि इतर छटा त्याच्या गावीही नसतात. एफबीइंकला ‘डॅश’ आणि कॅपिटल ‘डब्ल्यू’ लिहून यातला हवा तो देता येतो. दिवसातून एकदा बदलणाऱ्या पाटीला सेकंदाचा तिसरा भाग वाचवून काय मिळवायचे? तरीही वेगाच्या मोहाने मी ए२ लावले होते, आणि सावल्या साचत गेल्या. आता सरळ जीसी१६ आणि त्याबरोबर ‘डॅश एफ’, म्हणजे पूर्ण चमक, असे ठेवले आहे. अंशतः रिफ्रेशमध्ये न बदललेले कण हलवले जात नाहीत. पूर्ण चमकीत प्रत्येक कण हलतो आणि आधीची सावली पुसली जाते. तापमानाप्रमाणे वेगळा तक्ता वापरला जातो, त्यामुळे थंडीच्या पहाटे तेच चित्र उमटायला अधिक वेळ घेते, हा बिघाड नव्हे.

वरचा भाग नवा आणि बाकीचा अर्धवट फिकट राहिला असेल तर स्क्रिप्टने चित्र पाठवताक्षणी रीडरला झोपवले आहे का ते पाहावे. रिफ्रेशचा आदेश देऊन कमांड लगेच परत येते. काचेवरचे काम नंतर चालू राहते. एफबीइंकला ‘डॅश डब्ल्यू’, या वेळी लहान अक्षरातला, दिला की काम पुरे होईपर्यंत ते थांबते. ईआयपीएस वापरत असाल तर मध्ये दोन-तीन सेकंदांचा ‘स्लीप’ पुरतो.

तिसराच कोणी रंगवत असेल तर

सात वाजता नीट असलेले चित्र सात वाजून एक मिनिटाने वरच्या कडेला खरवडलेले दिसले तर ते रीडरच्या स्वतःच्या घड्याळाचे काम असते. पडदा आपण वापरला हे मूळ सॉफ्टवेअरला ठाऊकच नसते. किंडलच्या पाचव्या आवृत्तीपासूनच्या सॉफ्टवेअरवर ‘स्टॉप लॅब१२६ अंडरस्कोअर जीयूआय’ या कमांडने दर्शनी भाग थांबवता येतो, आणि झोपेचे चित्र येऊ नये म्हणून ‘पॉवरडी’ या सेवेचा ‘प्रिव्हेंट-स्क्रीन-सेव्हर’ हा गुण १ करावा लागतो. टंकताना त्या नावात मधल्या रेघा नसतात आणि फक्त दुसऱ्या-तिसऱ्या शब्दांची आद्याक्षरे कॅपिटल असतात. कोबोवर ‘निकेल’ ही मूळ सॉफ्टवेअरची प्रक्रिया थांबवावी, पण एकटी नको. ‘सिकेल’ आणि ‘हिंडेनबर्ग’ या तिच्या सोबत्यांनाही त्याच कमांडमध्ये थांबवावे, कारण सिकेलचे काम निकेलवर पहारा ठेवण्याचे आहे. निकेल गेल्यावर वायफाय चालू करणे आणि रीडर झोपवणे-उठवणे ही जबाबदारी आपल्या स्क्रिप्टवर येते, हे आधीच गृहीत धरावे. रीडर सुरू झाला की ही सर्व थांबवाथांबवी पुन्हा करावी लागते. बॅटरी उतरून रीडर आपणहून पुन्हा सुरू झाला की बिघाड ‘परत आला’ असे वाटते, ते यामुळे.

सगळेच बरोबर दिसते, पण कालचे

शेवटचा प्रकार सर्वांत फसवा आहे. चित्र स्वच्छ, अक्षरे नीट, आणि रीडर रात्रीपासून बंद पडलेला. काच वीज नसतानाही चित्र धरून ठेवते, त्यामुळे मेलेला रीडर आणि जागा रीडर यांत लांबून काहीच फरक दिसत नाही. आमच्याकडे एकदा दोन दिवस जुनी पाण्याची वेळ पाहून घरातले सगळे बादल्या घेऊन उभे होते. तेव्हापासून चित्र तयार करतानाच उजव्या कोपऱ्यात लहान अक्षरांत ते तयार झाल्याची तारीख आणि वेळ लिहितो, आणि त्याखाली रीडरने चित्र दाखवताना स्वतः, एफबीइंकच्या साध्या आकड्यांनी, आपली बॅटरी किती टक्के आहे ते लिहितो. पहिली वेळ जुनी असेल तर संगणकाकडे, वायफायकडे किंवा रीडरच बंद पडला आहे का तिकडे पाहायचे. वेळ ताजी असून आकडा वीसच्या खाली आला असेल तर चार्जर शोधायचा.